तबकडी एकाने वाचायची, सूर दुसऱ्याने लावायचा

नागपुरात उन्हाळ्यात गाणं कधी ऐकायचं हे आपण ठरवत नाही, कूलर ठरवतो. एप्रिलच्या मध्यापासून मृगाचा पाऊस लागेपर्यंत आमच्या बैठकीच्या खिडकीत डेझर्ट कूलर घरघरत असतो, आणि पारा ४५ च्या वर गेला की तो बंद करा म्हणायची कोणाची छाती होत नाही. त्या आवाजात ढोलकी ऐकू येते, पेटी ऐकू येते. तंबोरा मात्र पार बुडतो. म्हणून मी ख्याल ऐकतो तो पहाटे, कूलर बंद करून खिडक्या उघडल्यावर, नाहीतर थेट दिवाळीनंतर. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे चांगलीच थंडी पडते, घरातले सगळे पंखे बंद असतात, आणि तेव्हा कुठे घरातलं गाणं वाजवणारं यंत्र, म्हणजे सीडी प्लेअर, खरं काय करतं ते कळायला लागतं.

कोणतंही यंत्र मी तंबोऱ्यावर पारखतो. तानांनी आणि तिहायांनी कान लवकर भुलतो, तंबोऱ्याने भुलत नाही. घोडीच्या किंचित गोलसर पाठीवर तार टेकते, सुटते. तिच्याखाली सरकवलेला दोरा जवारी, म्हणजे तारेचा तो झणकार, उघडतो आणि एका छेडीतून स्वयंभू गंधारासकट वरचे कितीतरी स्वर उमलतात. मग ते विरत जातात. हे विरणं शेवटपर्यंत स्वच्छ राहतं, की मध्येच खरखरीत होऊन तुटतं, एवढंच ऐकायचं. बारीक आवाज ज्याला नीट सांभाळता येतो त्याला मोठा आवाज सहसा जमतोच. उलट मात्र खरं नाही.

सीडी प्लेअर म्हणून आपण जो डबा घरी आणतो, त्यात दोन वेगळी यंत्रं राहत असतात. एक तबकडी फिरवतं आणि तिच्यावरचे आकडे वाचतं. दुसरं त्या आकड्यांवरून ॲम्पला समजेल असा सतत चढता-उतरता विजेचा दाब तयार करतं. पहिल्याचा डबा वेगळा केला की तो ट्रान्सपोर्ट, दुसऱ्याचा वेगळा केला की तो डॅक. दोघांच्या मध्ये एक केबल. या केबलच्या अलीकडे काय बिघडतं आणि पलीकडे काय बिघडतं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो ध्यानात न आल्यामुळे माणसं भलत्या ठिकाणी पैसे घालतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

आधी वाचण्याचं काम बघू. सीडी म्हणजे १२० मिलीमीटर व्यासाची आणि १.२ मिलीमीटर जाडीची पॉलिकार्बोनेटची चकती. छापील बाजूच्या अगदी लगत खाली ॲल्युमिनियमचा पातळ थर, आणि त्यात खड्ड्यांची एकच सलग वाट, आतून सुरू होऊन गोल गोल फिरत बाहेर जाणारी. शेजारशेजारच्या दोन वेढ्यांमध्ये १.६ मायक्रॉनचं अंतर. ७४ मिनिटांच्या तबकडीवरची वाट उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर भरते. तिच्यावरून ७८० नॅनोमीटरचा लेझर फिरतो. खड्ड्यांची खोली अशी बेतलेली असते की खड्ड्यातून परतणारा आणि सपाटीवरून परतणारा प्रकाश एकमेकांना मारतात आणि परतणारा उजेड मंदावतो. खड्डा म्हणजे शून्य आणि सपाटी म्हणजे एक असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं, ते बरोबर नाही. खड्डा जिथे सुरू होतो किंवा संपतो ती कड म्हणजे एक. दोन कडांमध्ये किती अंतर आहे यातच सगळी माहिती असते. ही अंतरं नऊच मापांची, सर्वांत आखूड ०.८३ मायक्रॉनच्या आसपास आणि सर्वांत लांब तीन मायक्रॉनच्या थोडं वर.

वाट लेन्सखालून सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या ठरावीक वेगानेच सरकली पाहिजे. म्हणून आतल्या बाजूला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेरे घेते आणि बाहेर पोचेपर्यंत २०० वर येते. रेकॉर्डप्लेअरची तबकडी एका चालीने फिरते. सीडीची मोटर गाणं चालू असताना सारखी मंदावत असते.

हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, पण डोळ्यांनी बघितलं ते सीताबर्डीच्या एका गल्लीत. मोबाइलच्या कव्हरांची दुकानं ओलांडून पहिल्या मजल्यावर एक मेकॅनिक बसतात. टेबलावर उघडे पडलेले ॲम्प, भिंतीला स्टॅबिलायझरची रांग, आणि एका बरणीत जुन्या डेकचे स्क्रू. त्यांनी माझ्या ट्रान्सपोर्टचं झाकण काढलं, तबकडी न घालताच तो चालू केला आणि म्हणाले, "बाजूनं पाहा दादा, वरून डोळा नका लावू." मुगाच्या डाळीपेक्षा थोडी मोठी निळसर लेन्स आधी खाली गेली, मग वर आली, परत खाली, परत वर. तिच्या तळाशी लालसर ठिपका जेमतेम दिसत होता. "फोकस शोधून राहिली ते. दोन-तीनदा पाहते, नाई सापडलं तर 'नो डिस्क' दाखवते. लोकं म्हणते मोटर गेली. मोटर नाई जात जी एवढी. धूळ बसते."

मग त्यांनी कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावला आणि लेन्सवरून ती नुसती फिरवली, दाबली नाही. ही लेन्स केसासारख्या बारीक तारांवर लोंबकळत असते. तबकडी फिरताना किंचित डगमगते, तशी लेन्स तिच्या मागे वर-खाली होते, वाट सोडू नये म्हणून डावी-उजवीकडेही सरकते, आणि हे सेकंदाच्या बारीक बारीक अंशांत अखंड चालू असतं. काडी जरा जोरात दाबली तर तारा वाकतात आणि मग लेन्स-लेझरचं नवीन हेड शोधत फिरावं लागतं. त्यांचा हात इतका हलका होता की लेन्स जागची हललीही नाही. मला ते कौशल्य फार मोठं वाटतं.

धुळीच्या बाबतीत एक सुंदर गोष्ट आहे. तबकडीच्या चकचकीत पृष्ठावर लेझरचा झोत जवळजवळ पाऊण मिलीमीटर रुंद असतो. १.२ मिलीमीटर प्लॅस्टिक ओलांडून आतल्या थरावर पोचेपर्यंत तो दोनेक मायक्रॉनवर येतो. म्हणजे त्या चकचकीत पृष्ठावरचा धुळीचा कण लेझरला नीट दिसतच नाही, तो फोकसच्या बाहेर असतो. पण तीच धूळ लेन्सवर बसली की सगळा झोतच मंदावतो. तबकडी फडक्याने घासत बसणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे. पुसायचीच असेल तर मधून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल फिरवून कधीच नाही. आडवा ओरखडा वाट क्षणात ओलांडतो. गोल ओरखडा वाटेवरूनच चालत राहतो. आणि खरी जपायची ती छापील बाजू, कारण ॲल्युमिनियमचा थर तिच्या लगत खाली असतो. तिकडे नखाने खरवडलं की तिथलं गाणं कायमचं गेलं.

आता कोणी म्हणेल, इतकी नाजूक गोष्ट, तर आकडे चुकणारच. चुकतात. प्रत्येक सीडीवर वाचताना चुका होतात आणि हे गृहीत धरूनच ती बनवलेली आहे. १९६० साली आयर्व्हिंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन या दोन गणितज्ञांनी एक पद्धत मांडली. मूळ आकड्यांसोबत काही जादा आकडे असे लिहायचे की थोडे आकडे हरवले तर उरलेल्यांवरून ते परत काढता यावेत. सीडीवर संगीताच्या प्रत्येक २४ बाइटमागे आठ जादा बाइट असतात, आणि एका जागचे आकडे मुद्दाम लांबलांब विखरून ठेवलेले असतात, म्हणजे एका ओरखड्याने सलग तुकडा जायला नको. वाटेवरची सुमारे अडीच मिलीमीटर जागा पार पुसली गेली तरी सगळे आकडे जसेच्या तसे परत मिळतात. गोकुळपेठेत भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा क्यूआर कोड मधे थोडा पुसला तरी स्कॅन होतो, तोही याच गणिताने.

"जसेच्या तसे" हे मी तोलूनमापून लिहितो आहे. दुरुस्त झालेला आकडा हा मूळ आकडाच असतो. खराबी या मर्यादेच्या पलीकडे गेली तर प्लेअर मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाजाने मधला भरतो, आणि तेही जमेना तर आवाज क्षणभर बंद करतो. मग टक्‌ असा आवाज, गाण्याची उडी, अडकणं. ट्रान्सपोर्टचा दोष असा उघड ऐकू येतो. त्याने षड्ज पातळ होत नाही आणि निषाद रुक्ष होत नाही. एका दुकानात मला सांगितलं गेलं की महागड्या ट्रान्सपोर्टमुळे गळ्याची ऊब वाढते. आकड्यांना ऊब नसते. चांगला ट्रान्सपोर्ट मी त्याला म्हणतो जो जुनी, ओरखडलेली, लग्नाघरी फिरून आलेली तबकडीही न अडखळता वाचतो. त्यासाठी पैसे मोजावेत, जरूर मोजावेत.

मात्र केबलमधून नुसते आकडे जात नाहीत. सोनी आणि फिलिप्सने ठरवलेल्या एस-पीडिफ पद्धतीत आकडे आणि ते कोणत्या क्षणी वाजायचे याची घड्याळाची टिकटिक एकाच तारेतून जाते. ही तार तांब्याची असेल तर ७५ ओमची कोॲक्स, प्रकाशाची असेल तर तोशिबाने आणलेली टॉसलिंक. डॅकने आलेल्या लहरींवरून टिकटिक ओळखायची आणि तिच्या चालीने आकडे वाजवायचे. इथे एक खराखुरा प्रश्न उभा राहतो. बोल सगळे बरोबर, पण वादकाची लय मात्रेमात्रेला किंचित ढळते आहे, असा तबला ऐकून बघा. एकही बोल चुकलेला नाही, तरी ठेका बसत नाही. आकड्यांचंही तसंच, बरोबर आकडा चुकीच्या क्षणी वाजला तर लहरीचा आकार बिघडतो. याला जिटर म्हणतात. दर सेकंदाला एका बाजूचे ४४,१०० नमुने (त्या त्या क्षणी मोजलेली आवाजाची पातळी), म्हणजे दोन नमुन्यांत २२.७ मायक्रोसेकंद. १६ बिटांची (प्रत्येक नमुना १६ शून्य-एकांत लिहिलेला असतो) पूर्ण अचूकता वरच्या २० किलोहर्ट्झपर्यंत सांभाळायची म्हटली, तर घड्याळ सुमारे १२० पिकोसेकंदांपेक्षा जास्त ढळता कामा नये. कानाला कळायला याच्यापेक्षा बरंच जास्त ढळावं लागतं, पण अभियंत्याने कानाच्या भरवशावर का राहावं?

यावरचं औषध डॅकमध्येच असतं. आलेले आकडे थोडे साठवून घ्यायचे आणि आपल्या स्वतःच्या स्फटिकाच्या घड्याळावर वाजवायचे, तारेतल्या टिकटिकीची फक्त सरासरी धरायची. आजचे बरेच डॅक हे चांगलं करतात. संगणकाला यूएसबीने जोडलेल्या असिंक्रोनस डॅकमध्ये तर घड्याळ डॅकचंच, आणि तोच संगणकाला सांगतो की आता पुढचे आकडे दे. तेव्हा लयीची काळजी करायची तर ती डॅक निवडताना करावी. केबल ७५ ओमची, धड जोडणीची असली की पुरे.

आता सूर लावणारा. १६ बिट म्हणजे ६५,५३६ पायऱ्या. जुन्या, म्हणजे मल्टिबिट, पद्धतीत प्रत्येक बिटासाठी एक प्रवाह असतो, प्रत्येक पुढचा आधीच्याच्या निम्मा, आणि ज्या बिटात एक असेल त्याचा प्रवाह बेरजेत घ्यायचा. ऐकायला सोपं, पण सर्वांत मोठ्या प्रवाहात एक टक्क्याच्या हजाराव्या भागाच्या तिपटीएवढी चूक झाली, तरी ती सर्वांत लहान पायरीच्या तोडीची होते. आणि ही चूक कुठे ऐकू येते? लहर शून्य ओलांडते तिथे. शून्याच्या जरा खाली सर्वांत मोठा बिट बंद आणि बाकी सगळे चालू, जरा वर तोच चालू आणि बाकी सगळे बंद. म्हणजे सगळ्यांत मोठी उलथापालथ नेमकी सगळ्यांत बारीक आवाजाच्या जागी. मोठ्या तानेत ती झाकली जाते, विरत चाललेला तंबोरा मात्र शून्याच्या अल्याडपल्याडच डोलत असतो. तंबोऱ्यावर यंत्र पारखायचं माझं कारण हे.

फिलिप्सच्या अभियंत्यांनी यावर केलेला उपाय मला अजून थक्क करतो. त्यांच्या टीडीए१५४१ या चिपमध्ये वरच्या बिटांचे प्रवाह अचूक कापत बसण्याऐवजी त्यांच्या जागा सारख्या आलटूनपालटून बदलल्या जातात, म्हणजे कोणाची जास्ती आणि कोणाची कमी सरासरीत फिटून जाते. त्यातल्या बारीक आवाजात उत्तम ठरलेल्या चिपांवर मुकुटाची खूण छापलेली असे आणि आजही शौकीन त्या शोधत असतात. पुढे डेल्टा-सिग्मा पद्धत आली. तिच्यात पायऱ्या अगदी थोड्या, पण त्या सेकंदाला लाखो वेळा बदलायच्या, आणि त्यातून होणारा खरखराट कानाच्या कक्षेबाहेर वर ढकलायचा. आज बाजारात मिळणारे बहुतेक डॅक याच घराण्यातले. जुन्या मल्टिबिटचा स्वर जास्त खरा असं मानणारे जाणकार मित्र माझे आहेत. तंबोऱ्याच्या शेवटच्या विरण्यात मला तरी चांगला डेल्टा-सिग्माच स्वच्छ वाटतो, आणि या मताशी मी ठाम आहे.

डिजिटल आवाज पायऱ्यापायऱ्यांचा असतो, म्हणून मिंड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, तुटते, हा समज काही केल्या जात नाही. जिन्यासारखी आकृती सगळ्यांनी पाहिलेली असते. पण डॅकच्या बाहेर पडणाऱ्या तारेत जिना नसतो. मूळ आवाजात २२.०५ किलोहर्ट्झच्या वर काही नसेल, तर त्या नमुन्यांतून जाणारी लहर एकच असू शकते, दुसरी नाही. डॅकमागचा फिल्टर तीच परत उभी करतो. षड्जापासून गंधारापर्यंतची मिंड जेवढी सलग गळ्यातून निघाली तेवढीच सलग बाहेर येते. अवघड भाग एवढाच की २० किलोहर्ट्झपर्यंत काही कापायचं नाही आणि २२.०५ च्या वर काही उरू द्यायचं नाही. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ विक्रीला आला, त्यात डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना मिळून एकच डॅक होता आणि फिल्टर सगळा ॲनालॉग. फिलिप्सकडे तेव्हा १४ बिटांचीच चिप तयार होती, तर त्यांनी नमुने चौपट करून सेकंदाला १,७६,४०० केले. त्यामुळे फिल्टरला ऐसपैस जागा मिळाली आणि १४ बिटांतून १६ च्या जवळपासचं काम निघालं. कमी साधनांत केलेलं हे काम पुढे सगळ्यांनीच उचललं. आणि ४४,१०० हा विचित्र आकडा आला कुठून, तर सुरुवातीला हे आकडे व्हिडिओ टेपवर साठवत. एका ओळीत तीन नमुने, दर फील्डला (चित्राच्या अर्ध्या भागाला) २४५ ओळी, सेकंदाला ६० फील्ड. गुणून पाहा.

नागपुरात हे दोन डबे वेगळे ठेवण्याला माझ्या लेखी पक्कं कारण आहे. ट्रान्सपोर्टमध्ये सगळं हलणारं, झिजणारं: लेझर मंदावतो, रबरी पट्टा उन्हाळ्यात सैल पडतो, ट्रे अडकतो, सळईवरचं वंगण धूळ खाऊन घट्ट होतं. डॅकमध्ये हलणारं काहीच नाही. त्याला उन्हाळ्यात खेळती हवा आणि धड वीज मिळाली की तो वर्षानुवर्षं चालतो. जो मरणार हे ठाऊक आहे तो स्वस्त आणि बदलता येण्याजोगा असावा, जो टिकणार त्याच्यावर खर्च करावा. डॅक घेताना चिपच्या नावापेक्षा चिपनंतरचा ॲनालॉग भाग आणि पॉवर सप्लाय कसा केला आहे ते पाहावं. चिप चार कंपन्यांच्या डब्यांत तीच असते, आवाज मात्र सारखा नसतो.

सिव्हिल लाइन्समधल्या सभागृहाला ज्यांचं नाव आहे ते वसंतराव देशपांडे नागपुरातच शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले आणि ३० जुलै १९८३ ला गेले. सीडी जगात येऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. माझ्याकडे त्यांच्या ज्या सीड्या आहेत त्या टेपवरून उतरवलेल्या. स्वर लागण्याआधी टेपची सळसळ स्पष्ट ऐकू येते. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलची झेप, म्हणजे सर्वांत बारीक ते सर्वांत मोठ्या आवाजाचं अंतर, मावते आणि त्या काळच्या टेपची झेप त्याच्या बरीच खाली आहे. म्हणजे टेपवर होतं ते सगळं, सळसळीसकट, सीडीत पुरेपूर बसलं. अशा ध्वनिमुद्रणाची २४ बिटांची प्रत जादा पैसे देऊन विकत घेणाऱ्याला सळसळीचं जास्त बारीक माप मिळतं, वसंतराव जास्त मिळत नाहीत. जुन्या टेपा काळजीने उतरवणाऱ्या माणसाच्या कानाने मात्र फार फरक पडतो, आणि त्याचं नाव सीडीच्या कागदावर असलं तर मी ते वाचतो.

संगणकात सीडी उतरवून त्याच डॅकमधून वाजवली तर आवाज तोच येतो, हे मान्य करायला काही हरकत नाही. तरी मी तबकडी लावतो, कारण तिच्या कागदावर तबल्याला कोण, पेटीला कोण, तंबोऱ्याला मागे कोण बसलं होतं ते छापलेलं असतं. मोबाइलवरच्या ॲपमध्ये बहुतेक वेळा मुख्य गायकाचं नाव तेवढं उरतं.

यंत्र घ्यायला जाणार असाल तर दुकानदाराची चकचकीत नमुन्याची सीडी बाजूला ठेवायला सांगा. घरून दोन तबकड्या न्या. एक तुमच्याकडची सगळ्यांत ओरखडलेली, ती ट्रान्सपोर्टसाठी. दुसरी, जिच्या सुरुवातीला गायकाने आ करण्यापूर्वी निदान अर्धा मिनिट नुसता तंबोरा आहे, ती डॅकसाठी. आणि दुकानातला एसी तेवढा वेळ बंद करायला लावा.